तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्री आणि कोंबड्या एका अंगणात

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी पाहुणे आले की चहा संपायच्या आत विचारतात, "दोन-दोन कुत्री पाळलीत, मग कोंबड्या राहतात कशा?" ज्यांच्या घरी कुत्र्यानं नुकत्याच कोंबड्या मारल्यात ते तर दारात उभ्यानंच विचारतात. सतरा कोंबड्या, एक कोंबडा, मोती आणि टायग्या, असं आमचं खटलं आहे. पण उत्तर द्यायचं तर एका वाईट दुपारपासून सुरुवात करावी लागते.

टायग्या तेव्हा वर्षाचा झाला होता. आम्ही सगळे साताऱ्याला लग्नाला गेलो होतो. परत आलो तर अंगणभर पिसं. पाच कोंबड्या मेलेल्या. एक हौदाजवळ, एक तुळशीमागं, दोन शेवग्याखाली, आणि अंड्यावर आलेली माझी काळी तलंग पायरीवर. एकीचंही मांस खाल्लेलं नव्हतं. टायग्या शेपूट हलवत सामोरा आला, ओठाला पीस चिकटलेलं.

मी खूप रडले. शेजारचे भाऊ म्हणाले, "मेलेली कोंबडी त्याच्या तोंडावर हाणा, नाहीतर गळ्यात बांधा, जन्मात कोंबडीकडं बघायचा नाही." आमच्या ह्यांनी हात उगारलाही होता. मी मध्ये पडले. दोन तासांपूर्वीच्या गोष्टीसाठी आत्ता बसलेला मार कुत्र्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की माणसं घरी आली की मारतात.

भूक नव्हती, मग मारल्या का? कुत्र्याला समोर काहीतरी पळताना, फडफडताना दिसलं की त्याच्या अंगात येतं ते पाठलाग करणं, धरणं आणि झटका देणं. कोंबडी गप पडली की तिच्यावरचं त्याचं लक्ष उडतं, तोवर दुसरी ओरडत पळालेली असते. म्हणून एका दुपारीत पाच. आपण म्हणतो, "रक्ताची चटक लागली." माझं म्हणणं, चटक लागते ती पाठलागाची.

आणि ती आम्हीच लावली होती. हे मला आठ दिवसांनी उमगलं. उन्हाळ्यात ओट्यावर कुरडया आणि सांडगे वाळत घातले की कोंबड्या यायच्या. मग आत्याबाई म्हणायच्या, "छू टायग्या, छू!" तो धावायचा, कोंबड्या उधळायच्या, पोरं टाळ्या पिटायची, कुणीतरी कौतुकानं भाकरीचा तुकडा टाकायचं. सगळा उन्हाळा आम्ही त्याला हेच शिकवलं. तुमच्याही घरी होत असेल, आधी हे थांबवा. आमच्याकडं "छू" हा शब्द त्या दिवसापासून बंद आहे. आत्याबाई आता स्वतः काठी घेऊन वाळवणाशी बसतात.

मोतीची गोष्ट निराळी. दिवाळीनंतर माण-फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतात. एका वर्षी आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि त्यांच्या शेजारी कुत्र्याची पिल्लं. पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा समोर कोंबडी असतेच. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे रोज बघतं ते त्याला घरातलंच वाटतं. मोती तिथून दोन महिन्यांचा आला. आजही कोंबडीची पिलं त्याच्या पाठीवर चढतात आणि तो डोळे मिटून पडून राहतो. टायग्याला भाच्यानं पुण्याच्या फ्लॅटमधून आणला, पाच महिन्यांचा झाल्यावर. तोवर त्यानं कोंबडी बघितलेलीच नव्हती. तेव्हा नवं पिल्लू आणणार असाल तर लहान आणा, आणि पहिल्या दिवसापासून जाळीआडून कोंबड्या दाखवा.

आता खुराडं. दुकानात कोंबडीजाळी म्हणून जी षटकोनी बारीक तारेची जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे. कुत्रा बाहेर ठेवायला नाही. जोरात ओढली की ती फाटते. आम्ही जाड तारेची वेल्डमेश लावली, एक इंची चौकटीची. कुत्रा खालून उकरतो, म्हणून जाळीच्या कडेनं बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद शहाबादी फरशी टाकली. तो जाळीला नाक लावून उकरायला लागतो आणि पंजा फरशीवर घासतो. मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराला आधी नुसती कडी होती. टायग्यानं ती नाकानं उचललेली मी डोळ्यांनी बघितली. आता कोयंडा आहे आणि त्यात खिट्टी. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, तिला आपण डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली ठेवतो, वर दगड. ते डालगं कुत्रा एका धक्क्यात उलथून टाकतो. तिला बंद खोलीतच ठेवा. पिलांची आई तर कुत्र्याच्या तोंडावर झेप घेते, आणि त्या झेपेला गरीब कुत्रासुद्धा चावतो.

शिकवण्याचं सांगते. टायग्याला आधी रानात दमवून आणायचं. मग गळ्यात कासरा, कोंबड्या जाळीत, आणि आम्ही वीस फुटांवर. सगळं लक्ष त्याच्या अंगाकडं ठेवायचं. तोंड उघडं, जीभ बाहेर, शेपूट सैल, तर ठीक. तोंड मिटलं, मान खाली गेली, पुढचा एक पंजा अधांतरी थांबला, की तेवढा एकच क्षण तुमच्या हातात असतो. त्याच क्षणी हळू आवाजात नाव घ्यायचं. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं की भाकरीचा तुकडा. ओरडायचं नाही, मागं पळायचं नाही, त्याला तो खेळ वाटतो. रोज दहा मिनिटं, दर आठवड्याला थोडं जवळ. जाळीला टेकून निवांत बसायला त्याला चार महिने लागले. मग कोंबड्या बाहेर आणि कासरा माझ्या हातात.

आणि कोंबडीला पळून शिरायला जागा हवी. आम्ही एका कडेला फळ्यांचं बुटकं मचाण ठेवलंय, कोंबडी खाली शिरते, कुत्र्याचं डोकंच शिरत नाही.

कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी चालती-फिरती दिसली तरी विश्वास ठेवू नका. पिसांखाली दाताची भोकं दिसत नाहीत. त्या दिवशी सहावी एक वाचली होती, मी वरून हळद लावली आणि सोडून दिली. तिसऱ्या दिवशी जखमेत अळ्या, आणि ती गेली. पिसं बाजूला करून सगळं अंग बघायचं, कोमट मिठाच्या पाण्यानं धुवायचं, माश्या लागणार नाहीत अशा अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवायचं आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडं न्यायचं.

"एवढं करण्यापेक्षा टायग्या देऊन टाका," असंही सांगतात. देऊन कुणाला टाकू? तिथंही कोंबड्या असणार, आणि तिथं त्याला कुणी समजून घेणार नाही. घरी कुणी नसलं की तो बांधलेला किंवा कोंबड्या कोंडलेल्या, दोन्ही मोकळे कधीच नाहीत. मोतीलासुद्धा मी एकटा सोडत नाही.

परवा संध्याकाळी कोंबड्या कोंडत होते. एक तलंग हातातून निसटली आणि फडफडत थेट टायग्याच्या नाकासमोरून गेली. त्याचे कान ताठ झाले, तोंड मिटलं, पंजा उचलला गेला. मी हळूच म्हटलं, "टायग्या." त्यानं मान वळवली. भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात दिला आणि तलंग सापडेपर्यंत कासरा घट्ट धरून ठेवला.