अणशीआधी भीमगड: भाड्याच्या सायकलीची नोंद

लक्ष्य अजून तेच आहे, सायकलनं कारवारकडचं अणशी राष्ट्रीय उद्यान गाठायचं. तिथं जायच्या आधी सराव चाललाय तो खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याला लागून जाणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या रस्त्यांवर. सायकल भाड्याची. माझी स्वतःची बारीक टायरची रोड बाइक आहे, पण जांबोटीच्या पुढं ती नेणं म्हणजे रिमशी वैर धरणं.

भाड्याची सायकल घ्यायला आपल्यातले बरेच जण नाकं मुरडतात. मला उलट ती सोयीची वाटते. रस्ता बघून सायकल मागायची, आणि परत आल्यावर चिखल धुवून दुकानात सोडून यायची. दुकानदार अनामत आणि आधारची झेरॉक्स घेतो, पंक्चर निघालं तर आपल्या खिशातून. बाकी तपासायचं ते तिथंच तपासा: ब्रेकचे पॅड किती उरलेत, मागचं चाक हातानं फिरवल्यावर लचकतंय का, चेन कोरडी आहे का. व्हॉल्व्ह श्रेडर, म्हणजे मोटारसायकलसारखा जाड असलेलीच घ्या. प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्ह असेल तर गावच्या पंक्चरवाल्याचं नोझल बसत नाही आणि हातपंपानं दम काढत बसावं लागतं. सध्या माझ्याकडं येते तिचं पुढचं लहान चेनरिंग, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चक्र, 28 दातांचं आणि मागच्या चाकावरचं सगळ्यात मोठं चक्र 34चं. पायडलचा एक फेरा झाला तरी चाकाचा पूर्ण फेरा होत नाही. सामान बांधून चढायला हेच पाहिजे.

बेळगाव, पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी हा गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटाचा रस्ता सगळ्यांना पाठ आहे. शनिवार-रविवारी गोव्याच्या गाड्या अंगावरून जातात, म्हणून मी मधल्या वारी सुट्टी मिळाली तरच जातो. या रस्त्यावरचं मला आवडणारं म्हणजे पाण्याची वाटणी. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, पूर्वेला वळते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. म्हादई उगवते तिथून फार लांब नाही, भीमगडच्याच रानात, पण ती पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्र गाठते. कळसा नाल्यावरून दोन राज्यांचं भांडण चाललंय ते याच टापूत. गाडीतून जाताना पाण्याची ही हद्द कळत नाही. सायकलवर मांड्यांना कळते. कणकुंबीपर्यंत चढ-उतारांचा खेळ चालतो आणि पुढं चोर्ल्याकडं जमीन एकदम खाली सुटते. मी तिथूनच मागं वळतो, कारण घाट उतरला की तो परत चढावा लागतो आणि चहा वरच चांगला मिळतो.

दुसरा रस्ता खानापूर, मणतुर्गा, शिरोली, हेमाडगा, पुढं अनमोड. पावसाळ्यात मणतुर्ग्याजवळच्या हलात्रीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद पडतो, त्यामुळं पावसात चौकशी करूनच निघा. पाऊस ओसरल्यावर मात्र याच्यासारखा रस्ता नाही. वाहनं कमी, दोन्ही बाजूंनी झाडी.

इथं मी सरासरी वेग बघायचं सोडून दिलं. आता मोजतो ते एवढंच की किती वेळ आवाज न करता चालवता आली. यात एक गोष्ट ध्यानात आली ती सांगतो. उतारावर पायडल थांबवलं की मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टकटक सुरू होते, आणि त्या आवाजानं शेकरू झाडाच्या मागच्या बाजूला सरकतो. पाय हलकेच फिरवत ठेवले तर चेन फक्त सरसरते. वरच्या गिअरला टाकून, ब्रेकवर बोट ठेवून, पाय चालू. असं जात असताना शीळकरी कस्तुराची शीळ लांबूनच कानावर येते, आणि मोठा धनेश डोक्यावरून गेला तर पंखांची सपसप आधी ऐकू येते, पक्षी नंतर दिसतो. कॅमेरा काढेपर्यंत तो गेलेला असतो. जाऊ दे.

नियमाचं थोडं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यानं जायला वेगळी परवानगी लागत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच कलम लागू आहे. रस्ता सोडून आत शिरलात की वनखात्याची परवानगी पाहिजे. भीमगडच्या रानातल्या बारापेडेच्या गुहेत राहणाऱ्या रॉटनच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन 1913 साली झालं, हे वाचून कुणाला तिकडं सायकल वळवावीशी वाटत असेल तर वळवू नका. त्यांना त्रास होतो, हे कायद्याच्याही आधीचं कारण.

शिरोलीत चहा घेताना शेजारी बसलेले मामा म्हणाले, "कुठं चाललासा वो, एवढं निवांत?"

"हेमाडग्यापर्यंत, मामा. परत येणार."

"मग उजेडातच या. हत्ती फिरालेत भातात. अस्वलाचं तर सांगूच नका."

तेव्हापासून कुठूनही चारच्या आत परत फिरायचं, असं ठरवून टाकलंय.

आता अणशी. हे उद्यान 1987 साली झालं, 2007 मध्ये दांडेली अभयारण्यासकट व्याघ्र प्रकल्पात आलं आणि 2015 पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. बेत असा: लोंढ्यापर्यंत रेल्वे, सायकल लगेजमध्ये. तिथून रामनगर, जिथं सुपा धरणात बुडालेल्या गावांतली माणसं वसवली गेली. मग जोयड्यात मुक्काम, आणि चांगलं उजाडल्यावर कुंभारवाड्यावरून अणशी. कद्र्याकडचा घाट उतरायचा नाही. दुकानदार सायकल जिल्ह्याबाहेर न्यायला तयार आहे, पण अनामत दुप्पट मागतोय आणि मागचे ब्रेक पॅड बदलून द्यायला कां-कूं करतोय. पॅड मी स्वतः विकत घेऊन बसवणार. लोंढ्याला गाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात लगेजच्या डब्यातून सायकल उतरवून घेण्याचा कुणाला अनुभव असेल तर सांगा.