काळा डाग

रविवार, रात्री साडेअकरा

पुण्यातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आज १५ इंची एलसीडी मॉनिटर उचलला. अडीचशे रुपये. "चालू नाहीये दादा, पार्टसाठी न्या," असं विकणाऱ्यानं स्वतःच सांगितलं. घरी आणून लावला तर चालू निघाला, मेलेत फक्त मागचे दिवे. टॉर्च तिरपी धरली की आत खोलवर 'नो सिग्नल' दिसतं, विहिरीत पडलेल्या पाटीसारखं. मला तसाही त्याचा उजेड नकोच होता.

उजेड माळ्यावर आहे. एका कॉलेजच्या भंगारातून नऊशे रुपयांना आणलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर दीड वर्ष तिथं पडून आहे, आणि बायको दर दिवाळीला त्याची चौकशी करते. पोटात २४ व्होल्ट, २५० वॉटचा हॅलोजन, वर बारीक खाचांचं चपटं फ्रेनेल भिंग, त्यावर काच, आणि दांड्यावर भिंग-आरशाचं डोकं. काचेवर ट्रान्सपरन्सी, म्हणजे लिहिलेला पारदर्शक कागद, ठेवून सर शिकवायचे. तिच्या जागी मॉनिटरची सोललेली काच ठेवली की झाला व्हिडिओ प्रोजेक्टर. युक्ती माझी नव्हे. ओव्हरहेडवर ठेवायचे एलसीडी पॅनल एके काळी तयार विकत मिळत. आणि खोलात गेलं तर कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांची शांभरिक खरोलिकाही, म्हणजे त्यांचा जादूचा कंदील, हेच करत होती: मागे दिवा, मध्ये रंगवलेली काच, पुढे भिंग. फक्त त्यांच्या काचा हातानं सरकवाव्या लागत. माझी काच सेकंदाला साठदा स्वतःच चित्र बदलते.

सोमवार

ऑफिसातून येऊन सोलायला बसलो ते साडेबाराला उठलो.

पत्र्याची चौकट निघाली की आधी काच हाती येते, मागोमाग दुधी कागद, मग एक विचित्र पारदर्शक कागद. त्यातून बोट पाहिलं की दोन बोटं दिसतात. धाकटीनं तो पळवला आणि घरभर सगळ्यांचं दुहेरी दर्शन घेत फिरली. शेवटी जाड अॅक्रिलिकची पाटी. दिव्यांच्या काचनळ्या पेन्सिलीहून बारीक, आत पारा असतो, म्हणून न फोडता कागदात गुंडाळून बाजूला ठेवल्या.

खरं जोखमीचं काम पुढे. काचेच्या कडेला एक लांब सर्किटपट्टी असते. ती काचेच्या मागे दुमडलेली असते आणि काचेला धरून असतात सिगारेटच्या कागदाइतक्या नाजूक फिती. पट्टी उलगडून सपाट केली नाही तर तिचीच सावली भिंतीवर पडणार. उलगडली. एका फितीला जराशी ओढ बसली, कळलंही नाही. मॉनिटर लावला तर डावीकडे एक हिरवी उभी रेघ. वरपासून खालपर्यंत, ठाम. दाबून पाहिलं, फुंकर मारली, रेघ हलेना. आता ती घरातलीच.

बुधवार

आज पहिला उजेड पडला. हॉलच्या भिंतीवर पावणेदोन मीटर रुंद लॅपटॉपचा डेस्कटॉप! मी ओरडलो. बायको बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "अंधुक आहे रे."

आहेच. एलसीडीची काच म्हणजे उजेडाचा कर्दनकाळ. तिच्या मागे-पुढे पोलरॉइड असतात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारे पातळ पडदे. पहिला पोलरॉइड निम्म्याहून जास्त खातो. उरलेल्यातले दोन तृतीयांश लाल-हिरवे-निळे फिल्टर खातात, कारण लाल ठिपक्यातून हिरवा-निळा जाऊ द्यायचा नसतो. वर ठिपक्यांभोवतीची काळी जाळी आपला वाटा घेते. शंभर भाग उजेड घातला तर पाच-सात बाहेर येतात. बाकीचा जातो कुठे? काचेतच, उष्णता होऊन.

ते पाचव्या मिनिटाला कळलं. चित्राच्या मधोमध एक करडा ठिपका उमटला. मला वाटलं भिंतीवर काही आहे, जाऊन पुसला. ठिपका माझ्या हातावर आला. बघता बघता तो काळा झाला आणि टीपकागदावर शाई पसरावी तसा पसरत गेला, कडेला जांभळट झालर. धाकटी टाळ्या पिटत होती. मी स्विच शोधत होतो.

दिवा बंद केला, टेबलफॅन लावला, कपाळ धरून बसलो. दहा मिनिटांनी पुन्हा लावलं तर डाग गायब. काच जिवंत! नंतर उलगडा झाला. आतले द्रवस्फटिक उजेडाला नव्वद अंशांत पीळ घालतात, म्हणून तो पुढच्या आडव्या पोलरॉइडमधून निसटू शकतो. फार तापले की ते साध्या पाण्यासारखे होतात, पीळ जातो आणि उजेड दारातच अडतो. थंड झाले की पुन्हा शिस्तीत. म्हणजे जळलं काही नव्हतं. पण आणखी पाच मिनिटं तसंच चालू ठेवलं असतं तर पोलरॉइड भाजला असता, आणि तो काही परत येत नाही.

गुरुवार

काचेखाली लाकडी पट्ट्या घालून ती दोन सेंटिमीटर उचलली, फटीतून कॉम्प्युटरचा पंखा सोडला. डाग आता पंचवीस मिनिटांनी येतो. पण फ्रेनेलमधून निघणारा उजेड वर जाताना आवळत जातो, त्यामुळे काच उचलली की कडा अंधारात. आधीच काच ३०४ मिलिमीटर रुंद आणि खालची खिडकी २८५. आता दोन्ही बाजूंना पावणेदोन सेंटिमीटर गेले. डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा शेवटचा आकडा दिसत नाही, ९:४ वाजलेत.

शनिवार

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. १०० वॉटची एलईडी चिप घेतली, टपालाच्या तिकिटाएवढ्या पिवळ्या चौकोनात शंभर बारके दिवे, आणि तिला तीस-बत्तीस व्होल्टला तीन अँपिअर देणारा ड्रायव्हर. दुकानदार म्हणाला, "साहेब, हीटसिंक नसताना एक सेकंदही लावून बघू नका." मी मान डोलावली, जणू तसला विचार मनात आलाच नव्हता. जुन्या पीसीच्या प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे उष्णता ओढून घेणारी पंखेवाली हीटसिंक, आहेच, त्यावर पेस्ट लावून बसवली.

हॅलोजनच्या जागी ती आली. उजेड वाढला नाही, उलट किंचित कमीच. हॅलोजनची तार इवलीशी, हा चौकोन मोठा, त्याचा सगळा उजेड वरच्या भिंगात गोळा होत नाही. पण पिवळटपणा गेला, आणि काचेला हात लावला तर नुसती कोमट. हॅलोजनची उष्णता उजेडाबरोबरच वर यायची, इथली खाली कूलरमध्ये जाते. जवळ जाऊन भिंत पाहिली तर एकेक ठिपका दोन मिलिमीटरचा, त्यात लाल-हिरव्या-निळ्या तीन उभ्या काड्या. पांढरा रंग असा आतून पाहायला मला फार आवडलं. बाकीच्यांना नाही.

हिशेब: मॉनिटर २५०, ओव्हरहेड ९००, चिप-ड्रायव्हर-पेस्ट ७८०. एकूण १,९३०. वर सहा रात्री. थोडे पैसे आणखी घालून यापेक्षा उजळ, शांत आणि चहाच्या डब्याएवढा प्रोजेक्टर घरपोच मिळतो, हे बायकोनं मोबाइलवर काढून दाखवलं. मी तो पाहिला. चांगला होता.

रविवार

गच्चीवर खेळ लावायचा बेत फसला. समोरच्या सोसायटीच्या दिव्यापुढे आमचे पाच टक्के कुठे टिकणार! सगळं उचलून खाली आणलं, खिडक्यांना चादरी लावल्या. शेजारची तीन पोरं, आई, आम्ही. कार्टून छान चाललं. हिरव्या रेघेला पोरांनी दोरी ठरवली आणि कुणी तिच्यापलीकडे गेलं की "आउट!" ओरडायला लागली. पंख्याच्या घरघरीत निम्मे संवाद ऐकूच आले नाहीत.

पाऊण तास झाला. डाग नाही. मी कॉलर ताठ करून बसलो होतो, तेवढ्यात धाकटी मांडीवर येऊन म्हणाली, "बाबा, तो काळा कधी येणार?"

"आता नाही येणार. मी दुरुस्त केलं ना."

तिचा चेहरा पडला. पोरांना ती म्हणे संध्याकाळपासून त्याबद्दलच सांगत होती. चारही जण भिंत सोडून माझ्याकडे बघायला लागले.

दोनच मिनिटं हं, म्हणत मी बायकोचा हेअर ड्रायर शोधायला उठलो.