भूजलाचा गेम करताना: गेम आर्ट शिकवण्याचा माझा अनुभव

पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात मी गेम आर्ट, म्हणजे गेममधली चित्रं काढायला शिकवते. मागच्या सत्रात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शैक्षणिक गेमचा प्रकल्प दिला. विषय भूजल आणि खेळणारे भूशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी. भूशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम सोबतीला तयार झाल्या, म्हणूनच हे धाडस केलं.

मुलांचा पहिला आराखडा अपेक्षेप्रमाणेच आला. शेतकरी उड्या मारत पळतो, मध्येच प्रश्न येतो आणि उत्तर बरोबर आलं की नाणं मिळतं. चित्रं देखणी होती. पण प्रश्न काढून टाकले तरी गेम तसाच्या तसा चालत होता, म्हणजे भूजलाचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. तेव्हा मी त्यांना 'ओरेगन ट्रेल' या गेमबद्दल सांगितलं, अमेरिकेत बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या लोकांच्या प्रवासाचा. १९७१ साली मिनेसोटातल्या तीन शिकाऊ शिक्षकांनी तो इतिहासाच्या वर्गासाठी केला. टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर मजकूर छापणाऱ्या यंत्रावर, नुसती अक्षरं उमटायची, चित्र एकही नव्हतं. तरी मुलं त्यात गुंतायची, कारण सामान किती घ्यायचं, कधी थांबायचं हे त्यांनाच ठरवावं लागे. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना हे पचायला जड गेलं, पण मला ते सांगायचंच होतं. खेळणाऱ्याला जे शिकायचं आहे, तेच तो हाताने करतोय का, हे आधी बघायचं. ब्रश त्यानंतर.

म्हणून सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आम्ही कागदावर खेळलो. मधे वाटीभर निळे मणी, भोवती चार शेतकरी. ज्वारी घेतली तर एक मणी उचलायचा, ऊस घेतला तर चार. पावसाच्या फाशावर पडेल तेवढे मणी परत वाटीत. दोघांनी उसावर उसाचे डाव लावले आणि तिसरा मुलगा चक्क उठून उभा राहिला, "तुम्ही उपसलंत म्हणून माझी विहीर आटली!" हे वाक्य आम्ही कुणीच लिहून दिलेलं नव्हतं, नियमांतूनच ते त्याच्या तोंडी आलं. प्रकल्प योग्य वाटेवर आला तो तिथे.

खरी मेहनत पुढे होती. मुलांनी जमिनीचा छेद रंगवला तो असा, की खाली निळंशार तळं आणि त्यात बुडालेला पाइप. मॅडम म्हणाल्या, "आमच्या वर्गात पहिला खोडून काढावा लागतो तो हाच गैरसमज." महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकावर आहे आणि अखंड कातळात पाणी जवळजवळ मावत नाही. ते असतं भेगांमध्ये आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरांमध्ये. म्हणूनच बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींपैकी एक भरलेली असते आणि दुसरी कोरडी. चुकीचं चित्र काढलं, तर नियम कितीही बरोबर असला तरी खेळणारा चुकीचंच शिकून उठतो. डोळ्यांसमोर आधी चित्र येतं, नियम मागाहून कळतो.

मग खोदकाम चालू असलेली एक विहीर जवळून पाहिली. खोदणाऱ्या मामांकडून मुरूम, मांजऱ्या (छिद्रं असलेला खडक), गेरू, काळा पाषाण (अखंड कातळ) हे शब्द मिळाले आणि तेच थरांची नावं म्हणून गेममध्ये गेले. प्रत्येक थराला ३२ बाय ३२ पिक्सेलच्या टाइल, म्हणजे जोडत जायचे चौकोनी तुकडे केले. पाण्याचे बारीक ठिपके भेगांतून आणि छिद्रांतूनच सरकतात, काळ्या पाषाणात शिरत नाहीत. सगळं चित्र एकदा काळं-पांढरं करून पाहायचं, असा नियम मी घातला होता. त्यात गेरू आणि मुरूम एकसारखे करडे दिसायला लागले. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या खेळाडूचीही अशीच अडचण झाली असती. म्हणून गेरूला आडव्या रेघांचा पोत दिला आणि मुरमाला खड्यांचा.

भूशास्त्राच्या मुलांना खेळायला बसवलं तेव्हा आमच्या मुलांनी मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही, एवढीच अट होती. एका मुलीने बोअर घेण्याआधी शेजाऱ्याच्या शेताखालची भेग बोटाने माग काढत आपल्या शेतापर्यंत आणली आणि मग जागा बदलली. मॅडमनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला त्या क्षणी फार भरून आलं.

चाचणीत काय दिसलं आणि त्यावरून काय बदललं, याच्या नोंदींनाही गुण असावेत, असं मी अभ्यास मंडळात आग्रहाने मांडलं आणि ते मान्य झालं. नुसत्या देखणेपणावर शैक्षणिक गेमचं मूल्यमापन होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आता पुढच्या तुकडीकडे बंधारे आणि पाझर तलाव जोडायचं काम आहे. त्यात अखंड कातळावर बांधलेल्या पाझर तलावाचं पाणी खाली मुरता कामा नये, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवलंय.