सॅन होजेतली जामीनदारीण

सातारला मी एलआयसीची एजंट होते. त्यामुळे सॅन होजेत आल्यावर ‘बेल एजंट’, म्हणजे पैसे घेऊन आरोपींना जामीन मिळवून देणारी, व्हायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना धक्का बसला, मला फारसा नाही. कॅलिफोर्नियात हे लायसन्स ना पोलीस देतात ना कोर्ट. ते देतं विमा खातं. इथे जामीन हा एक प्रकारचा विमाच आहे. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम विमा कंपनीने भरायची. आपल्याकडे पैसे घेऊन जामीन राहणारा माणूस कोर्टाच्या आवारात लपूनछपून फिरतो. इथे त्याच्या दुकानावर निऑनची पाटी असते. सासूबाई मात्र अजून शेजारणींना ‘सून विम्यात आहे’ एवढंच सांगतात.

लायसन्ससाठी 20 तासांचा वर्ग, परीक्षा, बोटांचे ठसे आणि स्वतःचा 1,000 डॉलरचा बॉण्ड लागतो. हे सोपं. पुढे कुठली तरी शुअरटी कंपनी, म्हणजे ही हमी घेणारी विमा कंपनी, तुम्हाला नेमायला तयार व्हावी लागते, नाहीतर लायसन्स नुसतं भिंतीवर लावायचं. मी एका जुन्या एजन्सीत लागले. नवख्यांच्या वाट्याला येते तशी रात्रपाळी माझ्याही वाट्याला आली.

जामीन 50,000 डॉलरचा ठरला, तर घरच्यांनी आम्हाला साधारण दहा टक्के, म्हणजे 5,000 भरायचे. ते परत मिळत नाहीत, पुढे केस रद्द झाली तरी. एकदा पुण्याहून एका काकांचा फोन आला. मुलगा-सून भांडले, शेजाऱ्याने 911 फिरवला, मुलगा आत. “ताई, सून स्वतः म्हणतेय की तक्रार नाही, मग कसली केस?” म्हटलं, काका, केस सरकारी वकील चालवतो, मागे घेणं तिच्या हातात नाही. आणि संरक्षण आदेश निघाला असेल तर सुटल्यावरही त्याला घरी जाता येणार नाही. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “आणि ते 5,000 कधी परत?”

आमचं खरं गिऱ्हाईक तुरुंगाबाहेर असतं: आरोपीसाठी हमीची सही करणारी आई, बहीण, क्वचित मालक. मी पगाराच्या स्लिपा नंतर बघते. आधी विचारते, तुमचा फोन तो उचलतो का? नसेल उचलत, तर त्या सहीत काही दम नाही. रात्री उशिरा एक बाई हॉटेलातली भांडी घासून थेट आली होती, घराची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. मी हप्ते बांधून दिले, घर गहाण घेतलं नाही. मॅनेजर कुरकुरला. पण तारखेच्या आदल्या दिवशी त्या मुलाला फोन लावला की पलीकडून आईच बोलायची, “उद्या मी त्याला स्वतः घेऊन येते.”

आरोपी गैरहजर राहिला तर जामीन जप्त होतो आणि 180 दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात त्याला हजर केलं तर ठीक, नाहीतर कंपनी पैसे भरते आणि वसुलीला सही करणाऱ्याच्या दारात येते. ‘बाउंटी हंटर, पळालेल्याला पकडून आणणारे, असतात का गं तुमच्यात?’ असं सगळे विचारतात. असतात. माझा पाठलाग मात्र बहुतेक फोनवरच चालतो. तुरुंगात किंवा कोर्टात जाऊन गिऱ्हाईक गाठायला आम्हाला बंदी आहे. वकीलही सुचवता येत नाही, आणि घरचे नेमकं तेच आधी विचारतात.

या धंद्याचा काही भरवसा नाही. इलिनॉयने सप्टेंबर 2023 पासून रोख जामीनच बंद केला. कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये तसा कायदा केला होता, तो 2020 च्या मतदानात लोकांनी फेटाळला. पण 2021 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, केवळ ऐपत नाही म्हणून कुणाला आत ठेवता येणार नाही. माझ्याच पोटावर पाय येत असला तरी मला हा निकाल बरोबर वाटतो. एजन्सीत हे बोलायची सोय नाही.

तरीही कुणाला यायचंच असेल तर आधी स्पॅनिश शिका. आमच्याकडे रात्रीचे बरेच फोन त्याच भाषेत येतात, आणि घाबरलेल्या माणसाशी दुभाष्यामार्फत बोलता येत नाही.