बोटभर माशाने मला हाकललं

लक्षद्वीपचा परवाना मिळवताना झालेला मनस्ताप, कोचीहून अगत्तीचं ते छोटं विमान, खोलीतला घरघरणारा पंखा, सगळं जाऊ दे. चार दिवसांतला एक अर्धा तास तेवढा सांगते.

लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ समुद्रात, छातीभर पाण्यात तोंड खाली घालून तरंगत होते. खाली मेलेल्या प्रवाळाचा दगड, त्यावर शेवाळाची लव. तेवढ्यात एक काळपट मासा आला आणि मास्कच्या काचेवर ठक्क! परत ठक्क. तिसऱ्यांदा बोटालाच चावला. मी शिव्या घालत वर आले, तर सोबतचा पोरगा हसत म्हणाला, "उसका खेत है, दीदी."

खरंच शेत. हा डॅमसेलफिश आपल्या दगडावरचं शेवाळ राखतो, नको ते उपटून टाकतो, येईल त्याला पिटाळतो. त्याच शेवाळावर सर्जनफिश आणि पॅरटफिश यांचाही डोळा असतो. एकटादुकटा आला की मार खातो. म्हणून काळ्या पट्ट्यांचे सर्जनफिश झुंडीने येतात. माझ्यासमोर चाळीसेक तरी आले. मालक एकाला हुसकावतोय तोवर बाकीच्यांची पंगत बसलेली! दोन-तीन मिनिटांत उठलेही. मघाशी शिव्या घालणारी मी आता चक्क त्या चावऱ्याच्या बाजूने.

आपण सरसकट 'शेवाळ खाणारे' म्हणतो, पण जेवायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. कुणी वरचे शेंडे खुडतं. कुणी ब्रशसारख्या दातांनी शेवाळात अडकलेला गाळ तेवढा विंचरून घेतं. पॅरटफिश तर दगडासकट खरवडतो, पाण्यात कर्रकर्र ऐकू येतं. घशातल्या दातांनी दळलेला तो चुरा मागून बाहेर पडतो आणि त्याची पांढरी वाळू होते. हो, जिचे मी शंभर फोटो काढले तीच. १९९८ साली पाणी तापून इथले पुष्कळ प्रवाळ मेले. उघड्या पडलेल्या दगडांवर शेवाळ माजलं असतं, तर नव्या प्रवाळाला बूड टेकायला जागा उरली नसती. ती या खादाडांनी मोकळी ठेवली.

शेजारच्या बोटीतली मंडळी मात्र ब्रेडचे तुकडे फेकत होती. माशांची झुंबड, वर किंचाळ्या. फार चिडले. पहिल्या दिवशी मीही एक स्लाइस टाकला होता. फोटो छान आलाय.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच दगडापाशी गेले. शेत भादरलेलं, मालक जागेवर. काचेवर ठक्क.