पाऊस, काळी माती आणि न दिसणाऱ्या मुंग्या

मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढू लागल्या की पाऊस जवळ आला, असे आमच्या इंदूरच्या मराठी घरांतली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. (ते पांढरे दाणे बहुतेक वेळा अंडी नसून अळ्या आणि कोष असतात, पण ते असो.) मला कुतूहल आहे ते उलट बाजूचे, म्हणजे पावसाचे प्रमाण बदलले की एखाद्या जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या मुंग्यांचा समाज कसा बदलतो याचे. वरच्या आणि खालच्या मुंग्यांना एकाच मापाने मोजण्यात फसगत होते, असे माझे मत आहे.

हा प्रश्न उष्ण प्रदेशांतील सॅव्हानांमध्ये विशेष स्पष्ट दिसतो. तळाशी सलग गवत, वर कमीअधिक झाडे आणि वर्षातला मोठा काळ कोरडा, अशी ही भूमी असते. 2011 साली जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, झाडे बरीच असली तरी तळाशी सावली न सोसणारे गवत असेल तर त्या भूमीला जंगल न म्हणता सॅव्हानाच म्हणावे. हा निकष लावला तर मध्य भारतातल्या ज्या अनेक माळांना आपण उजाड रान म्हणून मोकळे होतो, त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

जमिनीवर वावरणाऱ्या मुंग्यांवर पावसाचा परिणाम मुख्यतः आडवाटेने होतो. पाऊस वाढला की गवत आणि झाडे दाटतात, सावली वाढते आणि भुईचे तापमान उतरते. उघड्या, तापलेल्या जमिनीवर धावणाऱ्या जातींना ते सोसत नाही, तर झाडांवर घरटी करणाऱ्यांना नवी जागा मिळते. म्हणून जास्त पाऊस म्हणजे जास्त मुंग्या, असे सरळ गणित मांडता येत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ वर्षाला सुमारे 1700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि दक्षिणेकडे खंडाच्या आत जावे तसा तो घटत जातो. तरीही तिथल्या सॅव्हानांमध्ये मुंग्यांच्या जातींची संख्या टिकून राहते, असे अभ्यासात आढळले आहे. तिथला मुंगीसमाज मुळातच रखरखीत प्रदेशाशी जुळवून घेतलेला आहे, हे त्यामागचे मोठे कारण. ब्राझीलच्या सेराडो नावाच्या सॅव्हानामध्ये मात्र झाडांवर राहणाऱ्या जाती ऑस्ट्रेलियापेक्षा कितीतरी अधिक आहेत. तेव्हा पाऊस घटल्याचा परिणाम दोन्ही खंडांत सारखाच होईल, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. त्या त्या खंडातल्या मुंग्यांचा पूर्वेतिहासही पावसाइतकाच बोलतो.

जमिनीखालचा कारभार निराळा आहे. तिथल्या मुंग्या बहुधा फिकट रंगाच्या आणि आखूड पायांच्या असतात, त्यांचे डोळे अगदी बारीक असतात किंवा नसतातच. भारतात आढळणाऱ्या डोरायलस या प्रजातीतल्या कामकरी मुंग्या पूर्णपणे आंधळ्या असतात. त्यांतली एक जात बटाटे पोखरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वीतभर खोलीवर दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांतला फरक बराच बोथट होतो आणि गवताला लागलेला वणवाही फारसा पोहोचत नाही. पावसाचे पाणी मात्र तिथवर पोहोचते, पण किती आणि किती काळ, हे माती ठरवते.

माळव्यातली काळी माती याचे उत्तम उदाहरण आहे. इंदूरला वर्षाला साधारण 900 ते 1000 मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. बेसॉल्टपासून बनलेली ही चिकण माती पाण्याने फुगते, तिच्यातली हवा खेळण्याची पोकळी आक्रसते आणि बिळांत पाणी साचू शकते. उलट उन्हाळ्यात ती इतकी आकसते की हातभर खोल भेगा पडतात, म्हणजे खालच्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि वरच्या मुंग्यांना खाली उतरायलाही. इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीसारख्या मुरमाड उतारावर तेवढाच पाऊस पडला तरी पाणी लवकर वाहून किंवा झिरपून जाते. पर्जन्यमापकात दोन्हीकडे आकडा तोच दिसेल, पण तळघरात राहणाऱ्यांच्या दृष्टीने हे दोन वेगळे पावसाळे आहेत. ग्वाल्हेरच्या गाळाच्या जमिनीची आणि माळव्याची तुलना केवळ पावसाच्या आकड्यांवरून करणे मला म्हणूनच पटत नाही.

मोजणीच्या पद्धतीतही हा भेद मुरलेला आहे. वरच्या मुंग्यांसाठी जमिनीच्या पातळीत पेला पुरून ठेवतात. चालता चालता मुंगी त्यात पडते. खालच्यांसाठी भोके पाडलेल्या नळीत तेलाचे किंवा माशाचे आमिष घालून ती वेगवेगळ्या खोलीवर पुरावी लागते, नाहीतर मातीचे ढेकूळ काढून हाताने निवडावे लागते. दुसरे काम किचकट, म्हणून ते अनेकदा टाळले जाते. आपल्याकडे असे सर्वेक्षण करायचे झाल्यास नळ्या एकदा ऐन श्रावणात आणि एकदा भेगाळलेल्या वैशाखात, काळ्या मातीत आणि मुरमात अशा दोन्हीकडे पुराव्यात, आणि पावसासोबत मातीतला ओलावाही टिपावा.