दर हजारी वाहने: आकडा नेमका कशाचा?

राज्याराज्यांतील वाहनांची तुलना वाचताना मला इंदूरच्या आमच्या वाड्यातली बाबांची स्कूटर आठवते. ती भंगारात गेली, परंतु नोंदणी रद्द करायला कोणी गेलेच नाही. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि एकूण नोंदणीचा आकडा लोकसंख्येने भागला की अशी न धावणारी वाहनेही मालकीत मोजली जातात. शिवाय ‘एमपी ०९’ पाटीची गाडी पुण्यात फिरत असली, तरी ती बहुधा इंदूरच्याच खात्यावर राहते. म्हणून मला घरोघर विचारून केलेली गणना अधिक विश्वासार्ह वाटते: २०११ च्या जनगणनेत देशातील २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती, मोटार मात्र पाच टक्क्यांहूनही कमी घरांत.